आई, तू विचारतेस

फेब्रुवारीतला शनिवार. बाहेर उणे १८, खिडकीच्या काचेला आतून बर्फाची बारीक किनार. लेकीने डायनिंग टेबलाखाली घर मांडलं होतं. दोन खुर्च्यांवर माझी ओढणी टाकून भिंत, पोळ्यांचा डबा उपडा घालून शेगडी, आणि शेगडीवर आमटीच्या वाटीत तीन बटणं आणि एक मोजा रटरट शिजत होते. मी रांगत आत शिरले. त्या दिवशी मला वेळ होता, उत्साह होता, आणि मुलांशी रोज थोडं खेळावं असं कुठेतरी वाचलेलं डोक्यात होतं. ती मोजा ढवळत फ्रेंचमध्ये पुटपुटली, "ओं दिरे क तेते ल शियें." मी म्हटलं, "अरे वा! काय केलंस आज? किती बटणं घातलीस बघू, मोज. आणि या मोज्याचा रंग कोणता, मराठीत सांग?" तिने चमचा खाली ठेवला. चुकून फर्स्ट क्लासच्या डब्यात चढलेल्या माणसाकडे लोक बघतात तसं माझ्याकडे बघितलं आणि अगदी शांतपणे म्हणाली, "आई, तू नको खेळूस. तू विचारतेस."

मी रांगतच बाहेर आले.

आई ओरडते, आई घाई करते, आई सारखी फोनवर असते, यातलं काहीही ती म्हणाली असती तर मी मुकाट्याने कबूल केलं असतं. पण विचारतेस? विचारणं हा गुन्हा कधीपासून झाला? आम्ही तर विचारणाऱ्या घरातले. माझे बाबा जेवायला बसताना पाढे विचारायचे, काका आले की चपला काढता काढता "कितवीत तू आता?" म्हणायचे, आणि पुढचा प्रश्न कुठल्याशा नदीच्या उगमाचा असायचा. मुलांशी बोलायचं म्हणजे मुलांना विचारायचं, एवढंच मला ठाऊक होतं. प्रेमसुद्धा त्याच वाटेने यायचं. उत्तर बरोबर आलं की डोक्यावर हात फिरायचा. भांडी घासताना, कपड्यांच्या घड्या घालताना, सोमवारी सकाळी मेट्रोत उभी असताना ते वाक्य डोक्यात येत राहिलं. तू विचारतेस. चार वर्षं पुरी झालेल्या पोरीने दोन शब्दांत माझी सगळी पालकगिरी निकालात काढली होती.

आम्ही माँत्रियालमध्ये राहतो. लेक जाते ती जागा म्हणजे सेपेए, शाळेआधीच्या मुलांसाठी सरकारी अनुदानावर चालणारं केंद्र. इथले लोक अजूनही सवयीने तिला गार्दरी म्हणतात आणि सासूबाई फोनवर पाळणाघर म्हणतात. तिथल्या मंडळींना 'सांभाळणं' या अर्थाचा कुठलाच शब्द फारसा आवडत नाही. नंबर लागायला आम्हाला दोन वर्षं लागली. ज्यांना जागा मिळाली त्यांच्याकडे न मिळालेले लोक लॉटरी लागलेल्या माणसाकडे बघावं तसे बघतात, आणि त्यात खोटं काही नाही. १९९७ साली क्युबेक सरकारने, पोलीन मारवा मंत्री असताना, ही केंद्रं सुरू केली तेव्हा दिवसाचे ५ डॉलर पडायचे. आज ९ डॉलरच्या थोडं वर. खासगी ठिकाणी मी तेवढ्यात फार तर अर्धी सकाळ विकत घेतली असती. संचालक मंडळावर दोन तृतीयांश पालक असावे लागतात, त्यामुळे महिन्यातून एकदा माझ्यासारखीच पेंगुळलेली माणसं लहान मुलांच्या खुर्च्यांवर गुडघे छातीला लावून बसतात आणि छताच्या गळतीवर तासभर चर्चा करतात. सरकारने छापलेल्या शैक्षणिक कार्यक्रमात काही मूलतत्त्वं दिली आहेत. त्यातलं एक अगदी छोटं वाक्य आहे: मूल खेळातून शिकतं. प्रवेशाच्या दिवशी मी ते वाचलं होतं, मान डोलावली होती आणि खाली सही केली होती. आपण विम्याच्या कागदावर करतो तशी.

कारण पहिल्या वर्षी मला खरंच वाटायचं की दिवसभर खेळून झालं की कधीतरी शिकवणं सुरू होत असेल. संध्याकाळी घ्यायला जायचे तेव्हा कपडे अडकवायच्या त्या बोळात, वेस्तिएरमध्ये, एक ठरलेला वास असायचा: ओली लोकर, रबरी बूट आणि सोललेली संत्री. प्रत्येक खुंटीवर त्या त्या मुलाचा फोटो. लेकीच्या फोटोखाली गाठ मारलेली प्लॅस्टिकची पिशवी लटकत असेल तर समजायचं की आज एक जोड पूर्ण भिजलाय. मी मेट्रोत घोकून आलेलं वाक्य म्हणायचे, "आज ती काय शिकली?" आणि तिची एद्युकात्रिस, म्हणजे वर्गातली बाई, जिला ही सगळी चिमुरडी बिनदिक्कत नावाने हाक मारतात, हसून सांगायची की आज तिने पाणी ओतलं. एका भांड्यातून दुसऱ्यात. मग परत पहिल्यात. जवळजवळ तासभर. मला वाटलं माझं फ्रेंच कमी पडतंय, नक्कीच मधलं काहीतरी निसटलं. दुसऱ्या दिवशी विचारलं तर, आज परत पाणी. तिसऱ्या दिवशी गाळणी सापडली होती. एद्युकात्रिस हे असं सांगत होती की जणू पोरीला शिष्यवृत्ती मिळाली आहे.

आणि त्याच आठवड्यात पुण्याहून जाऊबाईंचा व्हिडिओ यायचा. पुतण्या, वय साडेतीन, सोफ्यावर उभा राहून एक ते शंभर म्हणतोय, मग स्पेलिंगं, शेवटी दोनचा पाढा, आणि मागून कोणाचा तरी आवाज, "पुढे? पुढे?" खाली टाळ्यांच्या चित्रांची रांग. मी पण टाळ्या पाठवायचे. मग रात्री नवऱ्याला म्हणायचे, "आपली नुसती पाणी ओततेय रे." तो म्हणायचा, "ओतू दे, पाण्याचं बिल येत नाही इथे." त्याचं बरं असतं, तो कशालाही असं काहीतरी म्हणून झोपू शकतो. मी मात्र जागी. इथे पहिलीत जाईपर्यंत वाचायला बसवत नाहीत, म्हणजे सहा वर्षांपर्यंत. माझ्या सहाव्या वर्षापर्यंत माझ्या मधल्या बोटाला पेन्सिलचा घट्टा पडला होता. दुरेघी वहीत एकामागून एक उंट चालल्यासारखे इंग्रजी एम, तीन पानं. शेवटच्या पानावर बाईंनी चांदणी चिकटवली की घरी पळत जायचं. ती चांदणी मला अजून आठवते, तिचं एक टोक नेहमी उचललेलं असायचं. पण गंमत म्हणजे त्या वर्गात मी काय खेळले, कोणाशी खेळले, यातलं काहीही आठवत नाही. खेळ आठवतो तो शाळेबाहेरचा: पाटीवरची पेन्सिल चोरून खाणं, चिंचोके घासून गरम करून एकमेकींच्या हाताला लावणं, जिन्याखाली भातुकली. पण त्याला कोणी शिक्षण म्हणत नव्हतं, ते शिक्षणातून वाचलेलं होतं.

एक गोष्ट मात्र पहिल्याच हिवाळ्यात माझ्या नजरेत भरली होती. इथे बाहेर खेळायला रोज नेतात, फारच गारठा असला तरच नाही. बाहेर जायचं म्हणजे त्या बर्फातल्या विजारी, बूट, गळपट्टी, टोपी, आणि सगळ्यात शेवटी अंगठ्याचे हातमोजे, जे आधी घातले तर पुढचं काहीच घालता येत नाही, हे प्रत्येक मूल स्वतः एकदा तरी चुकून शिकतं. आणि कोट. तो कसा घालतात बघा. कोट जमिनीवर उलगडून पसरायचा, आतली बाजू वर, टोपडं आपल्या पायांकडे. मग टोपड्यापाशी उभं राहून वाकायचं, दोन्ही हात दोन्ही बाह्यांत खुपसायचे, आणि एका झटक्यात सगळा कोट डोक्यावरून पाठीमागे टाकायचा. घोंगडी पांघरल्यासारखा तो आपोआप अंगावर उतरतो. तीन वर्षांची आठ मुलं एकाच वेळी हे करत होती. आठ कोट हवेत उडले आणि खाली बसले, मोठाल्या पक्ष्यांसारखे. एका मुलाचा उलटा बसला, टोपडं हनुवटीखाली आलं. मी पुढे सरसावले. एद्युकात्रिसने माझ्या कोपराला नुसता हात लावला. तो मुलगा खाली बघून खदखदा हसला, कोट काढला, पसरला, पुन्हा उडवला. मी बाहेर येऊन माझा कोट घातला तेव्हा मला जाणवलं की मी लेकीला आजवर रोज सकाळी घरी कोट घालून देतेय. ती हात लांब करून उभी राहते, देवळातल्या मूर्तीसारखी, आणि मी साज चढवते.

तर, फेब्रुवारीतल्या त्या वाक्याने मला इतकं टोचलं की मी एक सकाळ सुट्टी काढून तिच्या वर्गात बसायला गेले. पालकांना तशी मोकळीक असते. आता ती चार वर्षांच्या गटात होती, दहा मुलं आणि एक बाई. भिंतीवर अक्षरांचा तक्ता नव्हता हे मी आधी पाहिलं, माझा स्वभाव. खेळाचे कोपरे होते, मुलं आपापल्या कोपऱ्यात गेली. कोणीतरी खुर्च्या एकामागे एक लावायला सुरुवात केली आणि बघता बघता मेट्रो तयार झाली. इथल्या जुन्या मेट्रोगाड्या सुटताना तीन सूर काढतात, दू-दू-दूऽ. शहरातल्या प्रत्येक पोराला ते येतात. पुढच्या खुर्चीवरचा चालक ते सूर काढत होता, पण गाडी सुटेना, कारण खुर्च्या सात आणि प्रवासी जास्त. माझ्या जिभेवर आलंच होतं, "सात खुर्च्या, मुलं किती? मग किती कमी?" इतक्यात एद्युकात्रिस जमिनीवरून उठली, खिसे चाचपडत आली आणि काळजीच्या सुरात म्हणाली, "अहो, मला बेरी-यूकामला उतरायचंय, आणि माझं कार्डच सापडत नाहीये." बस्. गाडीत धांदल उडाली. एकाने तिला पान दिलं, कार्ड म्हणून. दुसरी म्हणाली, आता या बाईंना बसायला जागा लागणार, म्हणजे अजून एक खुर्ची, नाही, अजून दोन, कारण तो बाळ कडेवर घेऊन उभा आहे. त्यांनी बोटांवर मोजलं, चुकलं, भांडले, पुन्हा मोजलं. तेवढ्यात चालकाने घोषणा केली की गाडी थांबलेली आहे, सेवेत व्यत्यय. अगदी त्या भोंग्यातल्या कंटाळलेल्या आवाजात. चार वर्षांचा मुलगा आणि 'अँटेरुप्सियों द सेर्व्हिस'. सगळ्या प्रवाशांनी मोठ्या माणसांसारखे सुस्कारे सोडले. माझी लेक तर कपाळाला हात लावून बसली होती, आणि तो माझा हात होता, म्हणजे ती माझी लकब होती.

बाईने एकदाही विचारलं नाही. म्हणजे विचारलं, पण खरोखर उत्तर हवं असलेल्या माणसासारखं. कार्ड कुठे गेलं, हे तिला त्या गाडीत खरंच ठाऊक नव्हतं. मला मात्र बटणं तीन आहेत हे दिसत होतं, तरी मी विचारलं होतं. पोरांना हा फरक कळतो. दुपारी मुलं झोपल्यावर ती वहीत काहीतरी लिहीत बसली. मी डोकावले तर कोणी खुर्ची सोडून दिली, कोणी पहिल्यांदाच दुसऱ्याशी आपणहून बोललं, कोण कुठल्या शब्दावर अडलं, अशा बारीक नोंदी. म्हणजे परीक्षा चालूच होती, फक्त परीक्षार्थींना पत्ता नव्हता. हे बघून मला, खरं सांगते, थोडं बरं वाटलं. कुठेतरी काहीतरी लिहून ठेवलं जातंय, इतकं तरी.

आता ते वाक्य. ओं दिरे क तेते ल शियें. मी पुण्यात अलियाँस फ्रांसेजला दोन वर्षं जात होते आणि इथे आल्यावर सरकारी फ्रेंच वर्गात. दोन्हीकडे मला भूतकाळाचं एक रूप शिकवलं, अपूर्ण भूतकाळ, इंपार्फे. त्याचे तक्ते मी आंघोळ करताना म्हणत असे. लहानपणी मी रोज शाळेत चालत जायचे, पाऊस पडत होता, आजोबा पेपर वाचत बसायचे, अशा वाक्यांना ते रूप लागतं. अजूनही बोलताना माझं चुकतं. आणि ही पोरगी तेच रूप वापरून कुत्री, डॉक्टर, बाळं, अस्वलं जन्माला घालते. फ्रेंच मुलं खेळ मांडताना भूतकाळात मांडतात. 'ओं दिरे क', म्हणजे आपण म्हणू की. 'तेते ल शियें', तू कुत्रा होतीस. व्याकरणाच्या पुस्तकात याला वेगळं नाव आहे, खेळाच्या आधीचा भूतकाळ अशा अर्थाचं. माझ्या वर्गात ते पान आम्ही वगळलं होतं, मोठ्या माणसांना त्याचं काय काम! त्यावर इथला उच्चार. आम्हाला पुण्यात शिकवलेला 'त' इथे 'यु'आधी आला की चमचातला 'च' होतो, आणि 'द' हा 'ई'आधी आला की जमिनीतला 'ज'. खरं तर ती म्हणते ते 'दिरे'पेक्षा 'जिरे'च्या जवळचं, फक्त 'ज' जमिनीतला. पॅरिसच्या उच्चारात नसलेले हे दोन आवाज मराठी जिभेला जन्मजात मिळालेले, तरी मी मात्र पुस्तकी 'त' धरून बसले.

तर त्या शनिवारी तिने मला भूमिका दिली होती. आपण म्हणू की तू कुत्रा होतीस. आमटी बहुधा माझ्यासाठीच शिजत होती. आणि मी त्या कुत्र्याच्या तोंडून तोंडी परीक्षा घेतली.

हे लक्षात आलं तेव्हा मार्च उजाडला होता, आणि मग दुसरं काहीतरी लक्षात आलं जे जास्त बोचलं. एके दिवशी मी सहज, कोणालाही न सांगता, मी लेकीशी मराठीत काय काय बोलते ते मनात टिपत गेले. ऊठ. चल. आवर. दात घास. तो पाय नाही, दुसरा. संपव. सांडू नकोस. हात धू. साबणाने. बाबाला त्रास देऊ नकोस. पुरे. झोप. अधूनमधून 'शहाणी माझी ती' आणि पापा, ते धरूनसुद्धा दिवसभराचं मराठी म्हणजे हुकूमनामा. आम्हाला वाटत होतं, घरात शंभर टक्के मराठी बोलायचं म्हणजे मराठी टिकली. परदेशातली सगळीच मराठी घरं हे व्रत घेतात. आणि इथे तर पुढची शाळा फ्रेंचच, १९७७च्या भाषा कायद्यापासून आमच्यासारख्यांच्या मुलांना दुसरा पर्याय जवळपास नाही, त्यामुळे मी अधिकच कडक. पण तिला अस्वल व्हायचं असतं तेव्हा ती फ्रेंचमध्ये जाते. मेट्रो चालवायची असते तेव्हाही. बाहुलीला रागवते मात्र मराठीत. मी लपून ऐकलं. "किती वेळा सांगायचं तुला? चल, आवर!" आवाज माझा, हेल माझा. फ्रेंच तिला खेळायला मिळाली आणि मराठी मी तिला आवरायला दिली.

यावर काय करायचं हे काही सुचलं नाही. मे महिन्यात सासूबाई आल्या, सहा महिन्यांसाठी, बॅगेत तीन किलो भाजणी आणि एक पितळी झारा घेऊन. सासूबाई डहाणू तालुक्यातल्या. तरुणपणी कोसबाडच्या टेकडीवर त्यांचं बालवाडीचं प्रशिक्षण झालं आणि पुढे पंचवीसेक वर्षं त्यांनी पाड्यांवर बालवाडी चालवली. तिथे बालशिक्षणाचं काम उभारणाऱ्या अनुताई वाघांचं नाव निघालं की अजूनही सावरून बसतात. लग्न झाल्यापासून मी हे सगळं ऐकत आले होते, घरातल्या मोठ्यांच्या गोष्टी ऐकतो तसं, म्हणजे न ऐकता. अनुताईंच्या गुरू ताराबाई मोडक १९४५ मध्ये बोर्डीला आल्या, मुलं बालवाडीत येईनात तेव्हा बालवाडीच उचलून पाड्यावरच्या अंगणात नेली, आणि त्यातून 'अंगणवाडी' हा शब्द रुजला. महागाची साधनं कुठून आणणार, म्हणून बिया, शिंपले, खडे, पानं. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा, गुरांच्या मागे शाळा. हे सगळं मला नवऱ्याच्या घराण्याचा इतिहास म्हणून ठाऊक होतं. माझ्या पोरीच्या दहा मुलांच्या वर्गाशी त्याचा काही संबंध असेल असं कधी डोक्यात आलं नाही.

एका संध्याकाळी मी त्यांना बरोबर घेऊन गेले. त्यांनी बूट काढले, वर्गात डोकावल्या, आणि खिडकीखालच्या पसरट टोपलीपाशी जाऊन खाली बसल्या. टोपलीत पाइनची बोंडं, गोटे, बुचं, कापलेल्या फांद्यांच्या चकत्या. एद्युकात्रिस त्यांच्या समोर बसली. एकीला मराठी आणि मोडकी हिंदी, दुसरीला फ्रेंच. सासूबाईंनी बोंडं लहान-मोठी लावली, दुसरीने गोटे लावले, मग सासूबाईंनी त्यातलं एक मुद्दाम चुकवलं आणि तिच्याकडे बघितलं. ती मोठ्याने हसली. माझी दुभाषा म्हणून गरज पडली नाही, मी पिशवीची गाठ सोडत उभी होते. आता यावर मला 'बघा, आपल्याकडे हे आधीच होतं' असं म्हणायचा मोह होतो, पण सासूबाई घरी येताना बसमध्ये जे म्हणाल्या ते वेगळंच होतं. म्हणाल्या, "दहा मुलं गं. माझ्याकडे चाळीस असायची, पावसाळ्यात पन्नास. आणि निम्मी उपाशी. आधी खायला घालायचं, मग नखं, मग खेळ. हिला एकदा विचार, चाळीस दिली तर बसेल का अशी पाय पसरून?" थोड्या वेळाने, "पण छान बसते हां. बाईने खाली बसावं." आणि मग पुढचे चार स्टॉप, मुलं बाईंना नावाने हाक मारतात म्हणजे काय, यावर.

घरी त्यांनी काही शिकवलं नाही. शिकवायचंय असा आवच आणला नाही. जेवण झालं की जमिनीवर बसायच्या, गुडघे दुखत असूनही, आणि आपलं काहीतरी करत राहायच्या. शेंगा सोलणं, वाती वळणं. लेक आपोआप जवळ सरकायची. एक दिवस मी स्वयंपाकघरातून ऐकलं. लेक म्हणाली, "आजी, आपण म्हणू की तू अस्वल होतीस." मी थबकले. फ्रेंचचा सांगाडा, वर मराठी मांस. माझ्या आतली दुरेघी वही उघडली, आता ही सुधारायला हवी. सासूबाई म्हणाल्या, "बरं. मी अस्वल झाले हं. तू कोण झालीस?" आणि घोगऱ्या आवाजात गुरगुरल्या. लेक किंचाळत पळाली, परत आली. "मी मध विकणारी होती." "हो का? तू मधवाली झालीस. मग मला दे की थोडा, पैसे नाहीत पण माझ्याकडे. बोंडं चालतील?" त्यांनी तिला सुधारलं नाही, फक्त अस्वलाच्या तोंडून तेच मराठीत वळवून घेतलं. मला माझं जिन्याखालचं आठवलं. आम्हीसुद्धा असंच म्हणायचो. मी आई झाले, तू बाबा झालास, आता रात्र झाली. फ्रेंच मुलं म्हणतात, तू अस्वल होतीस, जणू ते आधीपासूनच होतं आणि आता फक्त आठवायचं. आपली मुलं म्हणतात, तू अस्वल झालीस, डोळ्यांदेखत. मला यातलं कुठलं जास्त आवडतं हे सांगता येणार नाही. लेक हल्ली दोन्ही वापरते, आणि कोणाशी कुठलं हे तिचं तिला ठाऊक.

सप्टेंबरच्या शेवटी पार्कात त्या चकचकीत तपकिरी बिया पडायला लागल्या, मारों म्हणतात त्यांना, जंगली चेस्टनट, खायच्या नाहीत. सासूबाईंनी ओंजळभर उचलल्या, तळहातावर घोळवल्या आणि म्हणाल्या, "सागरगोटे." आकार थोडा मोठा, पण त्यांचा हात अजून तयार होता. एक वर, खालच्या चार गोळा, वरचा झेल. लेक तोंड उघडं टाकून बघत राहिली. मग तिने पाचही एकदम उडवल्या आणि सगळ्या गवतात गेल्या. ऑक्टोबरभर आमच्या घरात सोफ्याखाली, बुटांत, एकदा कुकरच्या शिट्टीशेजारच्या वाटीतसुद्धा त्या बिया सापडत. हळूहळू त्या सुरकुतल्या, तकाकी गेली. सासूबाई निघाल्या त्या दिवशी विमानतळावर लेक रडली नाही. घरी येऊन तिने बिया एका मोज्यात भरल्या आणि मोज्याला गाठ मारली, आपल्या वर्गातल्या ओल्या कपड्यांच्या पिशवीसारखी.

जाऊबाईंचे व्हिडिओ अजून येतात. पुतण्या आता पाचचा पाढा म्हणतो, आणि चांगला म्हणतो. मी अजून टाळ्या पाठवते आणि अजून रात्री थोडी जागी राहते. हे सगळं लिहिलं म्हणजे माझी धाकधूक गेली असं नाही. परवाच मी दाराशी अडकवलेल्या तिच्या नावाच्या पाटीवर बोट ठेवून "हे कोणतं अक्षर गं?" असं विचारून बसले. तिने उत्तर दिलं नाही, बूट घातले.

गेल्या रविवारी पुन्हा ओढणी खुर्च्यांवर गेली. बाहेर पहिला बर्फ, टिकणारा नव्हे, नुसता भुरभुर. मी कांदा चिरत होते. टेबलाखालून आवाज आला, "आई, तू पण ये. पण तू कुत्रा झालीस." मी हात पुसले, रांगत गेले. तिने मला आपादमस्तक न्याहाळलं, थोडा विचार केला, आणि सुधारणा केली. "झोपलेला कुत्रा." म्हणजे बोलायची भानगडच नाही. मी कुशीवर वळून डोळे मिटले, मग एक किलकिला ठेवला. टेबलाच्या खालच्या बाजूला कंपनीचा कागद अजून चिकटलेला होता, चार वर्षांत मी तो पहिल्यांदा बघत होते. शेगडीवर वाटीत काहीतरी शिजत होतं, मोज्यातल्या बिया असाव्यात, किती ते दिसत नव्हतं. लेक बाहुल्यांशी फ्रेंचमध्ये कुजबुजत होती की हळू बोला, कुत्रा झोपलाय. मग माझ्या पाठीवरून हात फिरवत, मला, मराठीत, "झोप हं. झोप माझ्या राजा." ओट्यावर कुकरची तिसरी शिट्टी झाली. मग चौथी. नवरा हॉलमधून ओरडला, "अगं, गॅस!" मी एक पाय हलवला, तर तिने बोट ओठांवर ठेवलं.

कुत्र्याला कुकर बंद करता येत नाही.